दुकानातली पार्ट-टाइम नोकरी जमत नाहीये? सोडायची की टिकवायची, हे कसं ठरवावं?

कपड्यांचं दुकान, मॉलमधलं शोरूम, सुपरमार्केट, मोबाइलचं दुकान किंवा मेडिकल. शिकता शिकता चार पैसे मिळवायचे तर शहरातल्या अनेक मुलामुलींना पहिलं काम अशाच ठिकाणी मिळतं. अनुभव लागत नाही, मुलाखत दहा मिनिटांत आटोपते आणि बऱ्याचदा दुसऱ्याच दिवसापासून कामावर यायला सांगतात. पण नोकरी सहज लागली म्हणून ती सहज जमतेच असं नाही. महिना-दोन महिन्यांत पाय दुखायला लागतात, लेक्चर बुडायला लागतात, सुट्टी मागितली की मॅनेजरचा चेहरा बदलतो. मग 'सोडून द्यावी का?' हा प्रश्न रोज रात्री घरी परतताना डोक्यात घोळत राहतो.

घरचे सांगतात, 'लागलेली नोकरी सोडू नये.' मित्र सांगतात, 'आजच सोड.' दोघांनाही उद्या त्या काउंटरमागे उभं राहायचं नसतं. त्यामुळे उत्तर शोधायचं तर चार गोष्टी स्वतःच तपासाव्या लागतात: नेमकं काय जमत नाहीये, तासाला हातात खरोखर किती पडतं, दुकान कायद्याप्रमाणे वागतंय का, आणि नोकरी सोडल्यावर पुढच्या महिन्याचा खर्च कुठून भागणार.

दुकानातलं काम अवघड का वाटतं?

बाहेरून पाहणाऱ्याला सेल्समनचं काम हलकं वाटतं. प्रत्यक्षात हे बहुतेक वेळ उभ्यानं करायचं काम आहे. ग्राहक नसला तरी बसायचं नाही, असा अलिखित नियम अनेक दुकानांत असतो. सतत उभं राहिल्यानं पाय सुजणं, टाचा आणि कंबर दुखणं, पायांच्या शिरा फुगणं असे त्रास होतात. केरळमध्ये कापड दुकानांतल्या विक्रेत्या महिलांनी याविरुद्ध आंदोलन केलं. त्यानंतर २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तमिळनाडूने आपापल्या दुकाने कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. 'उभं राहून पाय दुखतात' ही नाजूकपणाची तक्रार नाही. दोन राज्यांना तिच्यासाठी कायदा करावा लागला आहे.

दुसरी अडचण वेळेची. पार्ट-टाइम म्हणून पाच तास सांगितलेले असतात, पण शटर खाली येईपर्यंत थांबावं लागतं. त्यानंतर गल्ला मोजायचा, ट्रायल रूममधले कपडे घड्या घालून जागेवर लावायचे, महिनाअखेरीला स्टॉक मोजायचा. जुन्या बाजारपेठांमधल्या काही दुकानांत ब्रेक शिफ्ट असते, म्हणजे सकाळी तीन तास आणि संध्याकाळी चार तास. कागदावर सात तास दिसतात, पण मधली दुपार ना घरी जायला पुरते, ना अभ्यासाला.

तिसरी गोष्ट टार्गेटची. अमुक इतकी विक्री झाली तर इन्सेन्टिव्ह, नाही झाली तर सगळ्यांसमोर बोलणी. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायला ज्याला अवघड जातं, त्याला पगारापेक्षा हा ताण मोठा वाटतो.

नेमकं काय जमत नाहीये?

'नोकरी आवडत नाही' एवढ्यावर निर्णय घेतला, तर पुढच्या दुकानातही तेच होण्याची शक्यता असते. म्हणून आधी कारण वेगळं काढायला हवं.

काम नवीन असल्याचा त्रास. बिलिंगच्या मशीनवर हात बसलेला नसतो, मालाच्या किमती पाठ नसतात, ग्राहक ओरडला की घाबरायला होतं. हा त्रास बहुतेकांना होतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत कमी होतो. पहिल्या पंधरा दिवसांतला वैताग सहसा याच जातीचा असतो. तेवढ्यावर नोकरी सोडायची घाई करू नये.

वेळेचा त्रास. काम ठीक, माणसं ठीक, पण शिफ्ट कॉलेजच्या आड येते. यावर मागणी करून मार्ग निघू शकतो.

माणसांचा त्रास. एखादा सुपरवायझर किंवा सहकारी मुद्दाम छळतो. मोठ्या साखळी दुकानात काउंटर किंवा शाखा बदलून मिळू शकते. मालक स्वतःच तसा असेल तर छोट्या दुकानात सुटका नाही.

स्वभावाचा त्रास. दोन-तीन महिने झाले, काम हाताखाली आलं, तरी रोज कामावर निघताना पोटात गोळा येतो. कुणी वाईट वागत नाही, पण विक्री करणं हा आपला पिंड नाही हे कळून चुकतं. यात कुणाचा दोष नसतो. विक्री न जमणारा मुलगा गोडाऊनमध्ये माल लावण्यात, हिशेबात किंवा ऑनलाइन ऑर्डर पॅक करण्यात चांगला असू शकतो. तसं काम त्याच दुकानात आहे का, हे एकदा विचारून पाहावं.

फसवणुकीचा त्रास. पगार वेळेवर नाही, सांगितला त्यापेक्षा कमी, गल्ल्यात पैसे कमी भरले की खिशातून भरायला लावणं. यात जुळवून घ्यायचा प्रश्नच येत नाही.

ओळखायला सोपा उपाय म्हणजे दोन आठवडे रोज रात्री एक ओळ लिहून ठेवणं: आज काय खटकलं? चौदा ओळी एकत्र वाचल्या की एकच कारण पुन्हा पुन्हा आलंय का, ते दिसतं. रोज वेगळं कारण असेल तर थकव्याकडे किंवा झोपेकडे लक्ष द्यायला हवं. दहा वेळा एकाच माणसाचं नाव आलं असेल तर प्रश्न कामाचा नाही, हे स्पष्ट होतं.

तासाचा खरा भाव काढून पाहा

महिन्याच्या पगाराचा आकडा फसवा असतो. समजा, एका विद्यार्थ्याला महिना ९,००० रुपये ठरले आहेत. रोज ६ तास, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १५६ तास. तासाला साधारण ५८ रुपये पडतात.

आता यात जाण्यायेण्याचा रोजचा दीड तास धरला, तर महिन्याला ३९ तास वाढतात. दुकान बंद झाल्यावर रोज अर्धा तास फुकट थांबावं लागत असेल तर आणखी १३ तास. एकूण झाले २०८ तास. बस किंवा पेट्रोलला १,३०० रुपये आणि कामावरच्या चहा-नाश्त्याला रोजचे ४० म्हणजे १,०४० रुपये वजा केले, तर हातात उरतात ६,६६० रुपये. २०८ तासांनी भागलं की तासाला ३२ रुपये.

५८ रुपयांची वाटणारी नोकरी प्रत्यक्षात ३२ रुपयांची निघते. दुकानाने बूट किंवा गणवेश स्वखर्चाने घ्यायला लावला असेल तर हा आकडा आणखी खाली येतो. हाच हिशेब घराजवळच्या एखाद्या कामाचा करून पाहावा. महिना ७,००० रुपयेच मिळणार, पण चालत जायचं, जेवायला घरी यायचं आणि ठरलेल्या वेळी सुटायचं, तर कमी पगाराची नोकरीच महाग ठरू शकते.

हिशेबात न दिसणारा खर्चही असतो. अनेक विद्यापीठांमध्ये परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट असते. हजेरी कमी पडून किंवा विषय राहून एक सत्र वाया गेलं, तर पुन्हा भरावी लागणारी फी आणि उशिरा लागणारी पुढची नोकरी यांची किंमत काही महिन्यांच्या पार्ट-टाइम पगारापेक्षा जास्त असते. पगार घरखर्चात जात असेल तर घरच्यांसमोर हा हिशेब कागदावर मांडावा. 'मला कंटाळा आलाय' यापेक्षा 'तासाला ३२ रुपये पडतात आणि हजेरी ६० टक्क्यांवर आली आहे' हे वाक्य आई-वडिलांना लवकर पटतं.

कायदा काय सांगतो?

पार्ट-टाइम कामगाराला हक्क नसतात, असा समज दुकानदारांमध्येही आहे आणि कामगारांमध्येही. तो चुकीचा आहे.

महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. तो मुळात १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू करण्यात आला. त्यात प्रौढ कामगारासाठी दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आणि आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी अशा तरतुदी होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने यात बदल मंजूर केले. त्यानुसार कामगारसंख्येची अट २० वर, दिवसाची मर्यादा १० तासांवर आणि विश्रांतीपूर्वीचं सलग काम ६ तासांवर नेण्याचं ठरलं. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र कायम राहिली. २०१७ च्या कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना त्यांच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते.

पगाराबाबत केंद्राची वेतन संहिता महत्त्वाची आहे. २०१९ मध्ये संमत झालेली ही संहिता इतर तीन कामगार संहितांसोबत २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दुकान किती मोठं आहे यावर ती अवलंबून नाही. तिच्यातल्या काही तरतुदी दुकानात काम करणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात अशा आहेत.

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे. ठरलेल्या सामान्य वेळेपेक्षा जास्त काम करून घेतलं तर ओव्हरटाइम किमान दुप्पट दरानं द्यावा लागतो. दंड करायचा झाला तर त्या काळातल्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही, आणि त्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. गल्ल्यातली तूट कापता येते, पण ती त्या कामगाराच्या निष्काळजीपणामुळे किंवा चुकीमुळे झाली असेल तरच, आणि तीही त्याला बाजू मांडू दिल्यावर. तिघं जण वापरतात त्या गल्ल्यातले पैसे कमी भरले म्हणून तिघांच्या पगारातून सरसकट कापणं या चौकटीत बसत नाही.

सोडणाऱ्यांसाठी सगळ्यात उपयोगाची तरतूद म्हणजे, कामगाराने राजीनामा दिला तरी त्याचा बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. 'सोडलीस तर या महिन्याचा पगार विसर' या धमकीला कायद्याचा आधार नाही. थकलेल्या पगारासाठी तीन वर्षांच्या आत दावा करता येतो.

दुकानात १० किंवा अधिक कामगार असतील आणि पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर राज्य कामगार विमा योजना म्हणजे ईएसआय लागू होते. २० किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी १५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी लागू होतो. पगारातून पीएफ कापला जातोय, पण खात्यावर जमा होत नाही, असंही घडतं. यूएएन क्रमांक घेऊन पासबुक तपासलं की ते लगेच कळतं.

या परिस्थितीत वाट पाहू नये

काही वेळा हिशेब मांडत बसायची गरज नसते.

लैंगिक छळ होत असेल तर तो 'जमवून घ्यायचा' विषय नाही. २०१३ चा कायदा पार्ट-टाइम, तात्पुरत्या आणि ठेकेदारामार्फत काम करणाऱ्या महिलांनाही लागू आहे. १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते. त्यापेक्षा लहान दुकान असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते. नोकरी सोडल्यानंतरही ती करता येते.

मारहाण, शिवीगाळ, मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड अडकवून ठेवणं, न केलेल्या चोरीची कबुली लिहून मागणं, बिलाशिवाय माल विकायला किंवा मुदत संपलेल्या मालावर नवी लेबलं चिकटवायला लावणं, हेही याच यादीत येतं. शेवटच्या दोन प्रकारांत उद्या कारवाई झाली तर काउंटरवर उभा असलेला पोरगा पहिला सापडतो.

शरीर आणि मन उत्तर देत असेल तेव्हाही थांबू नये. झोप उडणं, कामावर जायच्या विचारानं रडू येणं, जगणं नकोसं वाटणं, हे पगारापेक्षा मोठं आहे. 'टेली मानस' ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

सोडण्याआधी एकदा मागून पाहा

त्रास वेळेचा किंवा कामाच्या स्वरूपाचा असेल, तर मॅनेजरशी एकदा नीट बोलल्याशिवाय नोकरी सोडणं म्हणजे हातातला एक पत्ता न खेळता डाव टाकण्यासारखं आहे. काम शिकलेला मुलगा गेला की नव्याला पुन्हा सगळं शिकवावं लागतं, हे मॅनेजरलाही माहीत असतं.

बोलायची वेळ नीट निवडावी. शनिवार-रविवारी संध्याकाळी, ग्राहकांची गर्दी असताना हा विषय काढू नये. मंगळवारी-बुधवारी दुपारी दुकान शांत असतं तेव्हा काढावा. मागणी मोघम नको. 'सर, मला खूप त्रास होतोय' या वाक्यावर मॅनेजर फक्त मान हलवू शकतो. 'सर, मंगळवारी आणि गुरुवारी माझं प्रॅक्टिकल पाचला सुटतं. त्या दोन दिवशी मी चारऐवजी सहाला आलो तर चालेल का? त्याबदल्यात रविवारी दोन तास लवकर येईन.' यावर त्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

हो म्हटलं तर ते व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावं: 'सर, आज बोलल्याप्रमाणे मंगळवार-गुरुवार मी सहा वाजता येईन. धन्यवाद.' एवढा मेसेज पुढे पुरावा म्हणून कामाला येतो. मग तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. बदल टिकला तर प्रश्न मिटला. दोन आठवड्यांत पुन्हा जुनंच सुरू झालं, तर उत्तर मिळालं असं समजावं.

कधी सोडावी?

दुकानांचं वर्ष सणांवर चालतं. गणपतीपासून दिवाळीपर्यंत आणि पुढे लग्नसराईत गर्दी असते. गणपतीच्या आधी आणि दसऱ्याच्या तोंडावर दुकानांना माणसं हवी असतात, त्यामुळे दुसरी नोकरी शोधायला तो काळ सोपा. दिवाळी संपली की तात्पुरत्या पोरांना कमी करतात आणि नवी भरती मंदावते.

याचा अर्थ असा की, दुसऱ्या दुकानात जायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शोध सुरू करावा. दुकानातलं कामच नको असेल आणि अंगात थोडी ताकद शिल्लक असेल, तर दिवाळीपर्यंत थांबून बोनस आणि सणाचा इन्सेन्टिव्ह घेऊन बाहेर पडणं फायद्याचं. इन्सेन्टिव्ह कोणत्या तारखेला मिळतो आणि त्या तारखेला कामावर असायची अट आहे का, हे आधी विचारून घ्यावं. परीक्षा असेल तर मात्र दिवाळीचा विचार बाजूला ठेवून वेळापत्रकाप्रमाणे तारीख ठरवावी.

पैसे तर लागणारच. मग?

अनेकांसाठी ही नोकरी हौस नसते. खोलीभाडं, मेसचं बिल किंवा धाकट्या बहिणीची फी त्यावर चालते. अशा वेळी 'मन रमत नाही तर सोड' हा सल्ला निरुपयोगी ठरतो. आधी दुसरं काम पाहावं, मग हे सोडावं, नाहीतर आगीतून फुफाट्यात अशी गत व्हायची. हातात निदान एका महिन्याचा खर्च जमेपर्यंत थांबता आलं तर उत्तम.

पण फीसाठी नोकरी करणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी: ती फी खरंच भरावी लागते का? राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजनांचे अर्ज भरता येतात. जुलै २०२४ मध्ये सरकारने ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जाहीर केली. अर्ज भरायचा राहिला म्हणून दुकानात उभं राहायची वेळ आली असेल, तर आधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जावं.

कामच हवं असेल तर 'कमवा व शिका' योजनेची चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि श्रम करून शिकण्याची ही रीत रुजवली. त्यांच्या नावाची कमवा व शिका योजना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांत चालते. ग्रंथालय, कार्यालय, बाग, प्रयोगशाळा अशा ठिकाणी रोज काही तास काम असतं. मोबदला दुकानापेक्षा कमी वाटू शकतो, पण येण्याजाण्याचा वेळ वाचतो आणि लेक्चर बुडत नाही. वर काढलेला तासाचा खरा भाव इथेही काढून पाहावा.

सोडताना काय करावं?

उद्यापासून जायचंच नाही आणि फोन बंद ठेवायचा, ही पद्धत दुकानांमध्ये सर्रास दिसते. तिचा तोटा सोडणाऱ्यालाच होतो. पगार अडकतो, अनुभवाचं पत्र मिळत नाही, आणि एकाच बाजारपेठेतले दुकानदार एकमेकांना ओळखत असतात.

नियुक्तिपत्र असेल तर त्यात नोटिशीची मुदत पाहावी. काहीच लिखित नसेल तर पंधरा दिवस आधी सांगणं रीतीला धरून होतं. मॉलमध्ये काम करणारे पुष्कळ जण दुकानाच्या नव्हे, तर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारपत्रकावर असतात. अशांनी राजीनामा एजन्सीला पाठवावा आणि स्टोअर मॅनेजरला त्याची प्रत द्यावी. केवळ मॅनेजरला सांगितलं तर एजन्सीच्या दप्तरी ते 'न सांगता गैरहजर' ठरू शकतात.

राजीनामा लांबलचक नको. तक्रारींचा पाढाही नको. एवढं पुरे:

'नमस्कार सर, मी १२ जूनपासून आपल्या दुकानात सायंकाळच्या शिफ्टमध्ये काम करत आहे. कॉलेजच्या वेळापत्रकामुळे मला हे काम पुढे सुरू ठेवता येणार नाही. ३१ ऑगस्ट हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल. तोपर्यंत मी नेहमीप्रमाणे कामावर येईन. माझा या महिन्याचा पगार व बाकी इन्सेन्टिव्ह खात्यावर जमा करावा आणि अनुभवाचे पत्र द्यावे, ही विनंती.'

हे ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवून स्क्रीनशॉट ठेवावा. शेवटच्या दिवशी गल्ला, किल्ल्या, गणवेश, ओळखपत्र परत करून सही घ्यावी. हजेरीच्या नोंदी आणि पगार जमा झाल्याचे मेसेज जपून ठेवावेत. 'माझी काही बाकी नाही' असं लिहिलेल्या कागदावर पैसे मिळण्याआधी सही करू नये.

पगार अडवला तर आधी लेखी आठवण द्यावी. दाद मिळाली नाही तर जिल्ह्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. वकील लागत नाही. साधा अर्ज, हजेरीचा पुरावा आणि बँकेचं स्टेटमेंट पुरतं. बऱ्याचदा कार्यालयाचं पत्र गेलं की मालक तडजोडीला येतो.

परदेशात शिकणाऱ्यांसाठी

परदेशात शिकणारे अनेक मराठी विद्यार्थीही सुपरमार्केट आणि पेट्रोल पंपांवरच्या दुकानांत काम करतात. तिथे व्हिसाची अट वेगळी असते. सत्र सुरू असताना ब्रिटनमध्ये पदवी स्तरावरच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तास, तर ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. मालक जादा तास रोखीनं देऊ करत असेल तर धोका विद्यार्थ्याच्या व्हिसाला असतो.

'नोकरी सोडलीस तर व्हिसा जाईल' अशी भीतीही घातली जाते. विद्यार्थी व्हिसा शिक्षणासाठी असतो, पार्ट-टाइम मालकाशी तो बांधलेला नसतो. कॉलेजची हजेरी आणि प्रगती सांभाळली तर दुकान बदलल्यानं तो रद्द होत नाही.

तारीख ठरवा

निर्णय लांबतो, कारण प्रश्न 'कधीतरी सोडायचीच आहे' एवढ्यावर अडकून राहतो. त्यासाठी कॅलेंडरवर एक तारीख लिहावी, साधारण महिनाभर पुढची. त्याआधी दोन आठवड्यांची नोंदवही भरावी, तासाचा खरा भाव काढावा, मॅनेजरशी एकदा बोलावं आणि दोन ठिकाणी दुसऱ्या कामाची चौकशी करावी. त्या तारखेला मागितलेला बदल झाला असेल, हजेरी सावरली असेल, तर नोकरी ठेवावी आणि पुढची तारीख तीन महिन्यांनी टाकावी. बदल झाला नसेल तर त्याच दिवशी राजीनामा पाठवावा.

काही महिन्यांत नोकरी सोडली म्हणून पुढे कुणी नापास ठरवत नाही. पुढच्या मुलाखतीत 'का सोडली?' असं विचारलं, तर 'शिफ्ट कॉलेजच्या आड येत होती, पंधरा दिवसांची नोटीस देऊन सोडली' हे उत्तर पुरेसं आहे. बिलिंग, स्टॉक आणि चिडलेल्या ग्राहकाला शांत करणं हे त्या काही महिन्यांत शिकलेलं काम बायोडेटात लिहायला विसरू नये.